चेंबर घरी बदलणे: गंजलेला ऑइल पॅन, सीलंट आणि कोकणची दमट हवा

रातांबा
गाडी तीन सिलिंडरची छोटी पेट्रोल मारुती, चेंबर पत्र्याचा. देवगडला समुद्राजवळ, कायम उघड्यावर. ड्रेन नटाच्या भोवती पत्रा फुगून पापुद्रे सुटतायत आणि चेंबरचा खालचा अर्धा भाग सतत तेलकट असतो. डिपस्टिकवर तेल महिन्याभरात वरच्या खुणेवरून मधोमध येतं. पाऊस लागायच्या आत अंगणातच चेंबर बदलायचा आहे. ऑइल आणि फिल्टर घरीच बदलतो, त्यामुळे साधी हत्यारं आहेत. नवीन चेंबरसोबत पॅकिंग मिळत नाही असं दुकानदार म्हणतो, नुसतं सिलिकॉन लावा म्हणतो. ते बरोबर आहे का? कुठलं सिलिकॉन, किती, आणि लावल्यावर गाडी किती वेळ उभी ठेवायची? आणि इंजिन न उतरवता हे होतं का?

दहाची गोटी
होतं, पण आधी चेंबरच गळतोय याची खात्री करा. चेंबर इंजिनाच्या तळाला. वर कुठूनही तेल सुटलं तरी ते ब्लॉकवरून ओघळत शेवटी चेंबरच्याच कडेवरून ठिबकतं, आणि दोष बिचाऱ्या चेंबरवर जातो.

वरून खाली या क्रमानं बघा: टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग, ऑइल प्रेशर स्विच (त्याच्या वायरच्या टोपीत तेल भरलं असेल तर स्विच गेला), ऑइल फिल्टरची रबरी रिंग, पुलीच्या मागचं क्रँकचं (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं सील, टायमिंग कव्हरचा सांधा. मागचं क्रँक सील गळत असेल तर तेल इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून, अगदी खालच्या भोकातून येतं. ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, चेंबर बदलून काही फरक पडत नाही.

सगळा भाग रॉकेल किंवा डिझेलच्या ब्रशनं धुवा, फडक्यानं कोरडा करा, नंतर ब्रेक क्लीनर मारून पूर्ण सुकवा. मग सांध्यांवर टाल्कम पावडरचा हलका हात. इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवा, बंद करा, टॉर्च घेऊन खाली बघा. पावडरवर पहिला काळा ओघळ जिथून निघेल तिथे गळती. गरम एक्झॉस्टला हात लागणार नाही एवढं सांभाळा.

अजून एक गोष्ट लोक हमखास विसरतात. पीसीव्ही व्हॉल्व (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी छोटी झडप) चोंदला असेल तर क्रँककेसमधला, म्हणजे क्रँकभोवतीच्या पोकळीतला, दाब बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तो तेलाला प्रत्येक सांध्यातून बाहेर ढकलतो. व्हॉल्व काढून हलवा, आत खडखड वाजायला हवी. वाजत नसेल तर तो आधी बदला, नाहीतर नवा चेंबरही गळेल.

खारेपाट
गोटीदादांनी गळतीचं नीट सांगितलं. मी गंजाचं लिहितो, कारण किनाऱ्यावर चेंबर बहुतेक गंजूनच जातात, दगड लागून कमी.

गंज तीन जागी धरतो. पहिली ड्रेन नटाभोवतीची वेल्डिंग, तिथे रंग पातळ बसलेला असतो आणि पाना दर वेळी तो सोलतो. दुसरी तळाची पुढची कड, तिथे चाकांनी उडवलेली खडी लागते. तिसरी वरची फ्लँज, जिथे पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकला टेकतो. दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओलावा, मग सांध्यात पांढरी पूड आणि लाल गंज दोन्ही दिसतात. भरीला आपली लाल माती. ती चेंबरवर थापून बसली की चार-चार दिवस ओल धरून ठेवते.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं तळावर हलके ठोका. चांगला पत्रा ठणठण वाजतो, पोखरलेला बद्द वाजतो. पापुद्र्यावर टोक रोवून बघायचा मोह होईल, पण तेल काढायच्या आधी तो आवरा.

पत्रा पातळ झाला असेल तर वेल्डिंगच्या मागे लागू नका. पोखरलेल्या पत्र्यावर वेल्डिंगचा थेंब पडला की शेजारी नवं भोक पडतं. शिवाय आतली तेलाची वाफ पूर्ण धुतल्याशिवाय ज्योत जवळ नेणं धोक्याचं. एम-सील थंड असताना धरतं, गरम-गार होता होता आणि मागून तेल झिरपता झिरपता सुटतं. वर्कशॉपपर्यंत पोचायला ठीक, त्याच्यावर पावसाळा काढायचा नाही.

आणि ज्यांचा चेंबर गळत नाही पण तळाला पोचा आहे त्यांनी हे वाचा. तेल ओढणारी जाळी तळापासून थोड्याच अंतरावर असते. पोचा तिच्या तोंडाशी आला की जाळीला तेल मिळत नाही. डिपस्टिकवर तेल पुरेसं दिसतं, थेंबभर गळती नसते, आणि घाट चढताना बेअरिंग कोरडी फिरतात. गळणारा चेंबर निदान जमिनीवर डाग पाडून सांगतो तरी.

रातांबा
धुवून, पावडर मारून बघितलं. टॅपेट कव्हर, स्विच, फिल्टर सगळं कोरडं. ओघळ दोन ठिकाणी, ड्रेन नटाच्या वेल्डिंगजवळ बारीक छिद्रातून आणि मागच्या फ्लँजवरून. पीसीव्ही वाजतो. तेव्हा चेंबर नवाच. सामान काय काय आणू?

दहाची गोटी
चेंबर शक्यतो कंपनीचा घ्या. बाहेरचा स्वस्त मिळतो, पण त्याची फ्लँज सरळ आहे का ते दुकानातच काचेच्या काउंटरवर उपडी ठेवून तपासा. चारी कोपरे दाबा, एकही डुगडुगता कामा नये. ड्रेन नटाचे आटे बोटानं फिरवून बघा. गाडीचा चासी नंबर देऊन पार्ट नंबर जुळवा, एकाच मॉडेलला वर्षाप्रमाणे वेगळे चेंबर येतात.

सोबत ड्रेन बोल्टचा नवा वायसर, ऑइल फिल्टर, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं तेल (या इंजिनांना फिल्टरसकट साधारण तीन लिटर लागतं, साडेतीनचा कॅन घेतला तर टॉपअपला उरतं), इंजिनाचं आरटीव्ही सीलंट (साध्या हवेत पक्कं होणारं सिलिकॉन), ब्रेक क्लीनरचे दोन डबे. एक्झॉस्टचा पाइप आड येत असेल तर त्याचं पॅकिंग आणि नवे नट. तेलाची जाळी काढावी लागली तर तिची ओ-रिंग. जुनी ओ-रिंग कडक झालेली असते, परत बसवली तर तिथून पंप हवा ओढतो.

हत्यारांत दहाची गोटी (१० मिमीचं सॉकेट), लहान रॅचेट, दोन लांबीचे एक्स्टेंशन, ड्रेन बोल्टला बसेल ती रिंग (डोकं १४, १७ किंवा १९ चं असतं, मोजून घ्या), प्लास्टिकचा आणि पातळ स्टीलचा खरवडा, रबरी हातोडा, आणि ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा टॉर्क पाना. चाकाच्या नटांचा मोठा टॉर्क पाना इथे उपयोगाचा नाही, इतक्या खाली तो अचूक राहत नाही.

मेस्त्री कुडाळ
हत्यारं आणण्याआधी जमीन बघा. नुसत्या जॅकार भरवसो ठेवन गाडयेखाली जाव नकात.

आपल्याकडे गाडी जांभ्याच्या चिऱ्यावर टेकवायची सवय आहे. जांभा भिंतीत पसरलेलं वजन घेतो, पण घोडीच्या (गाडी टेकवायच्या स्टँडच्या) किंवा जॅकच्या टोकाखाली, एका जागी वजन आलं की आडवा फुटतो, आणि फुटण्याआधी काही सांगत नाही. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. लोखंडी घोडी दोन, प्रत्येकी किमान दोन टनांच्या, घोडीखाली १८ मिमी प्लायचा फूटभर रुंद तुकडा. सारवलेल्या अंगणात किंवा मातीत प्लायशिवाय घोडीचा पाय हळूहळू रुततो आणि गाडी कलते.

उताराच्या खळ्यात हे काम करू नका. सपाट जागा नसेल तर शेजाऱ्याची पडवी मागा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, हँडब्रेक, गिअर पहिला. घोड्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जॅकच्या जागी, चासीच्या कडेखाली. त्या कडेचा पत्राही गंजलेला असेल तर तिथे वजन देऊ नका. गाडी टेकवल्यावर तिला बाजूनं जोरात हलवा. जे व्हायचं ते तुम्ही बाहेर असताना होऊ दे. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, शेवटचा आधार म्हणून.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. स्टार्टरची जाड वायर जवळच असते आणि तिच्यात कायम करंट असतो.

दहाची गोटी
मेस्त्रीनू, चिऱ्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

आता काढायचं. एक्झॉस्टचे नट, चेंबरचे सगळे बोल्ट यांच्यावर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी परत एकदा. किनाऱ्यावरच्या गाडीचे एक्झॉस्टचे स्टड कोरडे ओढले तर तुटतातच. नट फिरेना तर थोडा आवळा, मग सोडा, असं पुढे-मागे करत आणा.

इंजिन कोमट करा, उकळतं नको. ड्रेन बोल्ट काढा, फिल्टर काढा, अर्धा तास निथळू द्या. मग चेंबरच्या आड येणाऱ्या गोष्टी: प्लास्टिकचं खालचं आवरण, एक्झॉस्टचा पुढचा पाइप, क्लच हाउसिंगच्या खालची पत्र्याची झाकणी, काही गाड्यांत गिअरबॉक्सला जोडणारा कंस. मॉडेलप्रमाणे यातलं काही असेल, काही नसेल. ज्या गाड्यांत क्रॉसमेंबर (इंजिनाखालची आडवी तुळई) सोडावा लागतो आणि इंजिन वरून टांगावं लागतं, त्या घरी करू नका.

पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढा, बोल्टच्या जागी भोकं पाडा, आणि निघालेला बोल्ट त्याच्याच भोकात खोचा. सगळ्यांची लांबी सारखी असेल असं धरू नका. लांब बोल्ट आखूड जागी गेला की तळाला टेकतो, पाना आवळला गेल्याचं सांगतो आणि फ्लँज सैलच राहते.

बाहेरून आत, तिरप्या जोड्यांनी सगळे बोल्ट आधी अर्धा फेरा सैल करा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन बोल्ट चार आट्यांवर ठेवून बाकीचे काढा. चेंबर तरीही पडणार नाही, सीलंटनं घट्ट धरलेला असतो. इथे घाई झाली की नुकसान. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर अ‍ॅल्युमिनियमच्या फ्लँजवर चर पडते आणि ती चर पुढे कायम गळते. पातळ पातं सांध्यात ठेवून हातोडीनं हलके आत, मग सांध्याच्या रेषेत बाजूनं सरकवत न्या. एक कोपरा सुटला की रबरी हातोडा चेंबरच्या अंगावर बाजूनं मारा.

खाली येताना जाळीला अडकला तर ओढू नका. जाळीचे बोल्ट खालून हात घालून सोडता येतात. क्रँकचं वजन आड येत असेल तर पुलीच्या बोल्टला गोटी लावून इंजिन नेहमी फिरतं त्याच दिशेनं थोडं फिरवा. उलटं फिरवू नका.

चेंबर निघाला की तळातला गाळ बोटानं चाळा. चुंबकाला चिकटणारी राखाडी बारीक पेस्ट थोडी असतेच. तांबूस चमकदार कपच्या दिसल्या तर त्या बेअरिंगच्या, आणि काळे किंवा पिवळट प्लास्टिकचे तुकडे बहुधा टायमिंग चेनच्या गाइडचे. या दोन्हींपैकी काही सापडलं तर नवा चेंबर लावायच्या आधी इंजिन जाणत्याला दाखवा.

सुरंगी
सीलंटचा भाग मी घेते, कारण नवा चेंबर गळायला लागतो तो इथेच.

दुकानदाराचं बरोबर आहे. ज्या इंजिनाला कंपनीनं सीलंट दिलंय तिथे कॉर्क किंवा कागदाचं पॅकिंग घालू नये. जाडी वाढते, कॉर्क दबत जातो, बोल्ट सैल पडतात. जुन्या जीप, जुन्या डिझेल गाड्या यांना पॅकिंगच असतं, तिथे पॅकिंगच लावा.

बाथरूमचं, काचेचं सिलिकॉन घेऊ नका. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं, धातूला गंज लावतं, आणि गरम तेलात टिकत नाही. अनाबॉण्ड किंवा तसलंच इंजिनासाठीचं आरटीव्ही, डब्यावर तेलाला टिकणारं असं स्पष्ट लिहिलेलं. मागची मुदत वाचा. उघडून ठेवलेली ट्यूब कितीही शिल्लक असली तरी या कामाला नवीच घ्या.

आता आपल्या हवेचा मुद्दा. आरटीव्ही उन्हानं सुकत नाही, हवेतल्या बाष्पानं पक्कं होतं. पुस्तकात दहा-पंधरा मिनिटांत साय धरते असं लिहिलेलं असतं, ते मध्यम हवेतलं. जूनच्या तोंडावर आपल्याकडे साय त्याच्या बरीच आधी येते. साय आलेल्या सीलंटवर चेंबर टेकवला तर ते ब्लॉकला चिकटत नाही, नुसतं दबतं. तेव्हा ट्यूब उघडल्यापासून पहिले बोल्ट हातानं लागेपर्यंत पाच मिनिटं धरून चला. सगळे बोल्ट पुसून, हाताशी, रॅचेट गोटीसकट तयार. दुपारी दोन वाजता उकाड्यात करू नका, सकाळी लवकर करा, पण धातूवर दव नाही ना ते कोरड्या फडक्यानं बघून.

फ्लँज साफ करणं हे खरं काम, त्याला जास्तीत जास्त वेळ द्या. ब्लॉकच्या बाजूला प्लास्टिकचा खरवडा, आणि राहिलेल्या पापुद्र्याला सीलंट विरघळवणारं रसायन. ड्रिलवरचा घासणारा पॅड अजिबात नको: अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पूड इंजिनात जाते. बोल्टच्या भोकांत जुनं सीलंट आणि तेल साचतं, ते काडीला कापड गुंडाळून काढा. भोकात तेल राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबानं वर येतं आणि ताज्या सीलंटखाली शिरतं.

चेंबर काढल्यावर इंजिनातून तेल तासन्‌तास ठिबकत राहतं. तुम्ही फ्लँज पुसता, सीलंट लावता, आणि तेवढ्यात क्रँकवरून एक थेंब नेमका पुसलेल्या कडेवर. म्हणून चेंबर संध्याकाळी काढा, खाली पसरट ट्रे ठेवून रात्रभर निथळू द्या, वरून स्वच्छ कापड बांधा म्हणजे पाली, किडे आत जाणार नाहीत. सकाळी ब्रेक क्लीनर फडक्यावर घेऊन फ्लँज शेवटची पुसा. स्प्रे थेट वर इंजिनात मारू नका, तो आतलं तेल ओघळवून परत फ्लँजवर आणतो. पांढरं फडकं पांढरंच राहीपर्यंत पुसायचं.

सीलंटची रेघ चेंबरच्या फ्लँजवर, साधारण ३ मिमी जाड, न तोडता, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. भोकाभोवती पूर्ण वळसा घेतला तर आणखी चांगलं. टायमिंग कव्हर आणि ब्लॉक जिथे मिळतात त्या दोन जागा आणि मागच्या सीलच्या हाउसिंगचा सांधा, इथे ब्लॉकवर मुगाएवढा जास्तीचा ठिपका. तीन भाग एकत्र येतात तिथेच फट असते. तुमचा ओघळ मागच्या फ्लँजवरून आहे म्हणजे तुमच्या गाडीतही तिथेच कमी पडलेलं असणार.

जाड रेघ म्हणजे पक्कं काम असं नाही. जास्तीचं सीलंट बाहेर जेवढं येतं तेवढंच आतही जातं, तुटून तेलात पडतं आणि जाळीत जाऊन बसतं. एवढी मेहनत करून इंजिनाचा घसा आपल्याच हातानं दाबल्यासारखं होतं.

खारेपाट
ताई, बाकी सगळं पटलं. गाडी किती वेळ उभी ठेवायची यावर मात्र वर्कशॉपमध्ये तासाभरात तेल भरून गाडी देतात आणि त्या गळत नाहीत. चोवीस तास खरंच लागतात का?

सुरंगी
वर्कशॉपमध्ये फ्लँज लिफ्टवर, उजेडात, नीट साफ झालेली असते, म्हणून बऱ्याचदा चालून जातं. पण सीलंट बाहेरून आत पक्कं होतं, चोवीस तासांत साधारण दोन-तीन मिमी. दोन धातूंमध्ये दाबलेल्या थराला हवा फक्त कडेवरून मिळते, म्हणजे आतल्या भागाला त्याहून वेळ लागतो. तासाभरात कड धरते, मधलं मऊच असतं. त्यावर गरम तेल आणि क्रँककेसचा दाब आला तर एखाद्या कमकुवत जागी वाट फुटू शकते. ट्यूबवर जो वेळ लिहिलाय तो किमान. घरी गाडी कुणाला द्यायची घाई नाही, तर रात्रभर राहू दे, जमलं तर पूर्ण चोवीस तास. दमट हवा इथे आपल्या बाजूनं आहे.

दहाची गोटी
बसवायची युक्ती एकच, चेंबर सरळ वर जायला हवा. आडोशाला हात घालून तिरपा नेला की रेघ पुसली जाते आणि पुसलेली जागा दिसत नाही. ६ मिमीचे, त्याच आट्यांचे लांब बोल्ट दोन घ्या, डोकी कापा, टोकांना स्क्रूड्रायव्हरची खाच पाडा, आणि समोरासमोरच्या भोकांत हातानं बसवा. चेंबर त्यांच्यावरून सरळ वर सरकतो. चार बोल्ट हातानं लागले की ते दोन काढून तिथे खरे बोल्ट.

आधी सगळे बोल्ट हातानं टेकेपर्यंत. मग मधून बाहेर, तिरप्या जोड्यांनी, पहिला फेरा ५ न्यूटन-मीटर, दुसरा पूर्ण. सुझुकीच्या ६ मिमी बोल्टांना साधारण ११ असतं, पण तुमच्या मॅन्युअलचा आकडा अंतिम. ११ न्यूटन-मीटर म्हणजे १५ सेंमीच्या पान्याच्या टोकाला जेमतेम साडेसात किलो. हाताला हे फार कमी वाटतं, म्हणून लोक अजून थोडं ओढतात. ब्लॉकमधले आटे अ‍ॅल्युमिनियमचे, बोल्ट स्टीलचा, आटे जातात ते ब्लॉकचेच. पत्र्याचा चेंबर असेल तर जास्त ताकदीनं भोकाभोवतीचा पत्रा आत दबतो आणि दोन बोल्टांच्या मधली फ्लँज वर उचलली जाते.

सुकल्यावर बोल्ट परत आवळू नका. कॉर्कच्या पॅकिंगला दुसऱ्या दिवशी आवळतात, तीच सवय इथे लावली तर धरलेलं सीलंट फाटतं.

ड्रेन बोल्ट नवा वायसर घालून. बऱ्याच सुझुकी इंजिनांना ३५ न्यूटन-मीटर. फिल्टरच्या रिंगला तेलाचं बोट, टेकल्यावर पाऊण फेरा, पाना नको.

तेल आधी अडीच लिटर, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक, मग थोडं थोडं करत वरच्या खुणेच्या किंचित खाली. बॅटरी जोडा. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर पाच-पाच सेकंद, मध्ये दहा सेकंद थांबत, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत फिरवा. फिल्टर आणि वाहिन्या भरतात आणि इंजिन कोरडं सुरू होत नाही. मग फ्यूज लावून सुरू करा. दिवा काही सेकंदांत विझलाच पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद, रेस करून बघायचं नाही. दहा मिनिटं चालवून खाली टॉर्च, बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघा.

आंबाघाट
धागा नीट वाचला. माझा प्रश्न अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरबद्दल. डिझेल गाडी, घाटात कडेचा दगड लागून तळाला तडा. तिथल्या तिथे काय करावं? काही जण साबण लावा म्हणतात.

मेस्त्री कुडाळ
साबण डिझेलच्या टाकीला चालतो, तोही थोडा वेळ. चेंबरमधलं तेल गरम असतं, साबण मऊ होऊन निघून जातो.

दगड लागल्याचा आवाज आला की आधी बाजूला घेऊन इंजिन बंद. लाल दिव्याची वाट बघू नका. तो दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, दाब गेल्याचं सांगतो. दिवा लागतो तेव्हा पंप हवा ओढत असतो आणि बेअरिंग घासायला लागलेली असतात. खाली धार दिसली तर इंजिन परत सुरू करायचं नाही, उतारावर न्यूट्रलमध्येही सोडायचं नाही: इंजिन बंद असलं की ब्रेकचा बूस्टर चालत नाही. टोइंग मागवा.

अ‍ॅल्युमिनियमला साधी वेल्डिंग चालत नाही, आर्गन वायूची लागते. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडून मग भरतात, म्हणजे तडा पुढे पळत नाही. तेल मुरलेल्या धातूत वेल्डिंगला बुडबुडे धरतात, म्हणून आधी नीट धुऊन, तापवून तेल बाहेर काढावं लागतं. वेल्डिंगनंतर फ्लँज वाकडी होते, ती जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून तपासायची. तडा फ्लँजपर्यंत किंवा ड्रेनच्या आट्यांपर्यंत गेला असेल तर चेंबर नवाच. नुसते ड्रेनचे आटे गेले असतील तर हेलीकॉइल (आट्यांची तयार स्प्रिंग) बसवा. आटे पाडत जाणारा मोठा बोल्ट मिळतो, पण तो एकदा घातला की पुढे दुरुस्तीला धातू उरत नाही.

विम्याचंही लक्षात ठेवा. दगड लागून फुटलेला चेंबर अपघाती नुकसानीत बसतो. पण तेल गेल्यावर इंजिन चालवून जाम झालं तर ते नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. आणि क्लेम करायचा असेल तर सर्व्हेअरनं बघायच्या आधी चेंबर उघडू नका. जागेवर फोटो काढा, दगड आणि तेलाच्या डागासकट.

रातांबा
नवा चेंबर आणला, फ्लँज काचेवर सरळ बसते. बसवायच्या आधी रंग द्यावा का? आणि चेंबर गार्ड लावावं का, इथे दोन मतं ऐकू येतात.

खारेपाट
रंग जरूर द्या. कंपनीचा काळा थर पातळ असतो. बाहेरून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं मळकट करा, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर इनॅमल. फ्लँजला आणि ड्रेन वायसर बसतो त्या जागेला टेप लावून कोरं ठेवा. रंगावर सीलंट धरलं तरी खालून रंगच सुटतो. डांबरी अंडरकोट चेंबरवर नको. त्याला तडा गेला की खारं पाणी आत शिरतं आणि वरून काही न दिसता पत्रा संपतो.

गार्ड तुमचा रस्ता बघून ठरवा. रोजची वाट खडीची, पाखाडीशेजारून वर जाणारी असेल तर लावा, पण चासीच्या मूळ बोल्टांवर बसणारं. चेंबरच्या बोल्टांना लटकवलेलं गार्ड मार लागला की चेंबरच फाडतं. गार्ड आणि चेंबर यांच्यात दोन बोटं तरी जागा हवी, ड्रेन बोल्टखाली भोक हवं, आणि पाणी निथळायला मागे खाचा. वर साठलेली लाल माती पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाइपच्या गोड्या पाण्यानं धुवा. धुणार नसाल तर लावू नका, ती ओली माती दगडापेक्षा लवकर चेंबर खाईल. वाळूवर गाडी नेली तर त्याच दिवशी खालून धुवा.

रातांबा
जुनं तेल तीनेक लिटर निघेल. इथे बांधावर किंवा वाळवी लागू नये म्हणून वाशांना ओततात.

सुरंगी
बांधावर नको आणि व्हाळात (ओढ्यात) तर नकोच. जांभा सच्छिद्र असतो, ओतलेलं तेल पहिल्या पावसात खाली उतरतं आणि बांधाखाली कुणाची ना कुणाची विहीर असते. जळक्या तेलात इंजिनातले धातू आणि ज्वलनातले विषारी अंश असतात, वाशांना लावलं तर ते घरातच राहतात. वापरलेलं तेल २०१६च्या घातक कचरा नियमांत येतं, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं. नव्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये गाळून भरा, त्यात कूलंट, रॉकेल, पेट्रोल काही मिसळू नका (मिसळलेलं तेल कुणी घेत नाही), आणि ज्या वर्कशॉपचे ड्रम असा परवानाधारक उचलतो तिथे द्या. फिल्टर भोक पाडून रात्रभर उपडा ठेवा, त्यातूनही बरंच निघतं. चेंबर धुतलेलं डिझेल वेगळ्या बाटलीत.

मेस्त्री कुडाळ
जुना चेंबर भंगारात देताना ड्रेन बोल्ट काढून घ्या. डोकं गोल झालेलं नसेल, आटे साफ असतील तर तोच नव्या वायसरवर चालतो, आणि बाजारातल्या पुष्कळ बोल्टांपेक्षा तो चांगला असतो.